तीनशे नंबरची लेन्स

कॅमेरा मी २०१५ साली घेतला. तेव्हा मी तलासरी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षक होतो. आठवडाभर तलासरीत खोली घेऊन राहायचो आणि शनिवारी दुपारी डहाणू रोडला उतरून पुढची एसटी पकडून चिंचणीला आईबाबांकडे जायचो. कॅमेरा कशाला घेतला हे लोकांना सांगायला सोपं होतं. शाळेत झालेल्या प्रत्येक कार्यक्रमाचे फोटो वर पाठवावे लागत, आणि माझ्या फोनवर वृक्षारोपणाचा फोटो काढला की झाड कुठलं आणि सरपंच कुठले ते ओळखू येत नसे. खरं कारण एवढंच होतं की मला कॅमेरा हवा होता. पस्तिशी उलटल्यावर माणसाला काहीतरी हवंसं वाटू लागलं की तो आधी त्यासाठी सरकारी कारण शोधतो.

कॅमेऱ्यासोबत एक लेन्स येते. ती सगळं थोडं थोडं करते आणि काहीच नीट करत नाही. सहा महिन्यांत हे माझ्यासारख्यालाही कळलं. मग दुसरी लेन्स कुठली घ्यायची याचा भुंगा डोक्यात शिरला. मधल्या सुट्टीत मी मोबाइलवर त्याचेच व्हिडिओ बघायचो. सांगणारे सगळे वेगवेगळं सांगत. एक म्हणे पन्नासची घ्या, स्वस्त आणि लखलखीत. दुसरा म्हणे लांबचं ओढणारी झूम घ्या, नाहीतर कॅमेरा घेऊन काय उपयोग. तिसरा मॅक्रोचं गुणगान गायचा, म्हणजे मुंगीच्या मिशा दाखवणारी लेन्स, पण तिची किंमत ऐकूनच मी व्हिडिओ बंद केला. वहीत तिन्हींची नावं लिहून मी त्यांच्यापुढे बरोबर आणि चूक अशा खुणा करत बसायचो. मुलांच्या वह्या तपासायच्या राहायच्या.

पण ही दुसरी लेन्स का घ्यायची होती ते सांगायचं, तर आधी बाबांच्या धंद्याबद्दल सांगायला हवं.

बाबा डाय बनवायचे. सोनाराकडे एका छापाची कानातली, पदकं, वाट्या मिळतात, त्या पोलादी ठशावर सोन्याचा पातळ पत्रा ठोकून काढलेल्या असतात. तो ठसा म्हणजे डाय. आमच्याकडे हा धंदा घरोघरी होता. बाबा ओटीवर पाटावर बसायचे, समोर लाकडी ठोकळ्यात पोलादाचा तुकडा घट्ट बसवायचे, डोळ्याला भिंग लावायचे आणि छिन्नी हातोडीने कोरत राहायचे. दागिन्यावर जे उठून दिसतं ते डायमध्ये खोल असतं, उजवं असतं ते डावं असतं. चाळीस वर्षं त्यांनी सगळं उलटं कोरलं, आणि तेही अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत.

या धंद्यात एक गोष्ट आम्ही पोरं बोलायला शिकायच्या आधी शिकायचो. हातातली डाय कुणाला दाखवायची नाही. एकदा नक्षी परक्याच्या डोळ्यांत गेली की ती आपली राहत नाही, आठवड्याभरात चार घरांत तीच ठोकली जाते. दाराशी कुणी आलं की बाबांचा हात आधी फडक्याकडे जायचा. बाबा काय करतायत असं कुणी विचारलं तर "काय माहीत" म्हणायचं, हे आम्हांला आईने पाठ करून दिलं होतं. शेजारचे काकाही डाय बनवायचे, त्यांच्या घरी आम्ही दिवसातून दहा वेळा जायचो, पण त्यांच्या ठोकळ्याकडे बघायचं नाही म्हणून मान दुसरीकडे फिरवून आत जायचो. आजही कुणी मला कामाचं काही विचारलं की माझी जीभ आधी आखडते. शिक्षकाला हे शोभत नाही, पण आहे खरं.

मी सातवीत असताना बाबांनी एक मोर केला. मुंबईच्या एका शेठची ऑर्डर होती. दर दोन महिन्यांनी शेठ स्वतः यायचा, तयार डाय घेऊन जायचा, नवं काम देऊन जायचा. आमचं घर बहुतेक त्याच्याच कामावर चालायचं. त्या मोरासाठी बाबांनी महिना घालवला. शेठ आला, भिंग लावून मोर बघितला आणि म्हणाला, "मानेखाली छिन्नी सटकलीय."

बाबा म्हणाले, "कुठे सटकलीय? नाही सटकलेली."

"ही बघ ना रेष."

"रेष नाही ती. तुम्हांला भाव पाडायचाय म्हणून खोट काढताय."

मी ओटीच्या पायरीवर बसलो होतो, म्हणून मला शब्द न् शब्द आठवतो. शेठ चिडला नाही. त्याने भिंग खाली ठेवलं आणि म्हणाला की दुसरी करून दे, मी थांबतो. बाबांनी डाय त्याच्या हातातून घेतली, तेलाच्या फडक्यात गुंडाळली आणि डब्यात टाकली. त्यानंतर शेठ आमच्याकडे आला नाही आणि बाबांनीही त्याला बोलावलं नाही.

पुढची काही वर्षं ओढाताणीची गेली. बाबांना इकडून तिकडून किरकोळ काम मिळायचं. आई चिकूच्या वाडीत माल निवडायला जाऊ लागली. चिकूच्या चिकाने तिची बोटं काळी पडायची आणि राखेने घासली तरी निघायची नाहीत. पण ती बाबांना कधी एका शब्दाने बोलली नाही. उलट जो भेटेल त्याला सांगायची, शेठ खोटारडा निघाला, आमच्या माणसाचा हात कधी सटकत नाही. वाडीतल्या बायकांना सांगायची, बसस्टॉपवर सांगायची. लग्नकार्यात कुणी बाबांच्या कामाचा विषय काढला की हिची टेप सुरू. बाबा तेव्हा उठून बाहेर जायचे. मला वाटायचं, त्यांना तो अपमान पुन्हा ऐकवत नाही.

२०१६ च्या उन्हाळ्यात बाबांच्या डोळ्यांचं कळलं. वलसाडला डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी सांगितलं की डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतोय, कडेचं दिसत राहील, पण ज्या गोष्टीकडे नजर रोखाल नेमकी तीच दिसणार नाही. परतीच्या गाडीत बाबा एकच वाक्य बोलले, "म्हणजे दार दिसणार आणि कडी नाही." आई रडली. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

त्यानंतरच्या रविवारी मी ओटीवर बसून माझी ती बरोबर-चूकची वही बघत होतो. बाबा आतून डबा घेऊन आले. डब्यातून फडकं काढलं, फडक्यातून मोर. वीसहून जास्त वर्षांत मी तो पुन्हा बघितला नव्हता.

"तुझ्या कॅमेऱ्यात एवढंसं मोठं दिसतं का?" त्यांनी विचारलं.

मी बघतच राहिलो. ज्या माणसाने उभ्या जन्मात सख्ख्या भावाला डाय दाखवली नाही, तो फोटो काढ म्हणत होता. कामाचे दिवस संपले हे त्यांनी मान्य केल्याची ती खूण होती, आणि तेवढं मला समजलं. त्याच्या आतलं काही समजलं नाही.

"किती मोठं हवंय?"

"भिंतीवर लावण्याएवढं. मानेखालची रेष दिसली पाहिजे. असेल तर असेल, नसेल तर नसेल. माझ्या डोळ्यांनी दिसतंय तोवर कर. तुझ्या आईलाही बघू दे एकदा."

आई आतून म्हणाली, "रेष नाहीच, तर दिसणार कुठून?"

मी लगेच कॅमेरा काढून फोटो घेतला. मोर शेंगदाण्याएवढा आला. संगणकावर मोठा करायला गेलो तर फुटला, नुसते चौकोन चौकोन. तेव्हा मी ठरवलं की दुसरी लेन्स घ्यायची ती या मोरासाठीच. इतके दिवस चाललेला घोळ एका क्षणात संपला याचा मला आनंदही झाला, हे कबूल करतो.

कुठली घ्यायची ते बाबांना विचारलं. वेडेपणाच होता तो, पण आमच्या घरात भिंगाबद्दल त्यांच्याइतकं कुणाला कळत होतं? मी वही वाचून दाखवली. एक पन्नासची आहे, एक तीनशेपर्यंत जाणारी आहे.

बाबा म्हणाले, "मी आयुष्यभर दहा नंबरच्या भिंगावर काम केलं. पाच नंबरमध्ये पाकळी दिसते, दहामध्ये पाकळीची शीर दिसते. तुझ्यात तीनशे नंबरची मिळते तर पन्नासची कशाला घेतोस?"

मला ते अगदी पटलं. मी गणित शिकवणारा माणूस. लेन्सवरचा आकडा आणि भिंगावरचा आकडा या दोन वेगळ्या गोष्टी असतात हे मी व्हिडिओंत शंभरदा ऐकलं होतं. पण बाबा भिंगाबद्दल बोलले की आमच्या घरात पुढे कुणी बोलत नसे, आणि माझ्याही कानात तेच राहिलं.

तरीही दुकानात चूक सुधारता आली असती. तलासरीहून वापी जवळ, म्हणून मी वापीला गेलो. दुकानदार भला माणूस होता, अर्धं गुजराती, अर्धं हिंदी बोलायचा. "बोलो साहेब, शेना माटे जोइए छे?" असं त्याने विचारलं. कशासाठी हवीय, हा पहिलाच प्रश्न. आणि माझी जीभ आखडली. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. त्यांतला एक सोनारबिनार असेल की काय असं काहीतरी माझ्या मनात आलं. मी म्हणालो, "छोटी चीज बडी दिखनी चाहिए."

"पक्षी? फंक्शन?"

"हां, वैसा ही कुछ."

डायचा फोटो काढायचाय, एवढं मी बोललो नाही. त्याने झूम लेन्स काढून माझ्या कॅमेऱ्याला लावली आणि मला दारात उभं केलं. रस्त्यापलीकडच्या पाटीवरचं अक्षर न् अक्षर डोळ्यांपुढे आलं. पाटीच्या खिळ्यावरचा गंज दिसला. मी हरखून गेलो. म्हटलं, पलीकडचा खिळा एवढा दिसतो तर हातातला मोर केवढा दिसेल.

शनिवारी घरी पोचलो तेव्हा बाबा ओटीवर तयारच बसले होते. मोर आधीच पुसून पाटावर ठेवलेला. आईने चहा पुढे केला, मी तो बाजूला सारला आणि लेन्स लावून मोरावर वाकलो. काहीच दिसेना. सगळा धूर. मागे सरलो, धूर. आणखी मागे सरलो. शेवटी ओटी उतरून अंगणात गेलो तेव्हा कुठे चित्र स्पष्ट झालं, आणि मोर होता पूर्वीएवढाच, जेमतेम शेंगदाण्याहून थोडा मोठा. ही लेन्स दीड मीटरच्या आतलं बघतच नव्हती.

"दिसली?" बाबांनी विचारलं.

"नाही. ही लांबचं बघायची आहे. जवळचं हिला जमत नाही."

आई हसली. "तुझ्यासारखीच आहे. समोरचं दिसत नाही, गावाबाहेरचं दिसतं." तिने थट्टा केली आणि मी चिडलो. चूक आपली असली की मला राग लवकर येतो. बाबांनी मोर उचलला, फडक्यात गुंडाळला आणि म्हणाले, "बरं. लांबचं बघ मग."

मी परत वापीला जाऊन लेन्स बदलून आणायला हवी होती. गेलो नाही. चार दिवसांनी जाऊ म्हटलं, मग पुढच्या आठवड्यात. दुकानदाराला काय सांगणार, पुन्हा तोच प्रश्न येणार, हे एक. आणि दुसरं जास्त खरं. तोवर मला त्या लेन्सची गोडी लागली होती. झाईच्या किनाऱ्यावर उभं राहून दूर पाण्यातल्या होड्या टिपायच्या, वाणगावच्या बाजूला भातशेतात उतरलेले बगळे, शाळेमागच्या टेकडीवर लाकूडफाटा घेऊन उतरणाऱ्या बायका. कुणाच्या जवळ जावं लागत नाही, कुणाशी बोलावं लागत नाही, विचारावं लागत नाही. माझ्या स्वभावाला ते भलतंच सोयीचं होतं. एका स्पर्धेत माझ्या बगळ्यांना उत्तेजनार्थ बक्षीसही मिळालं. त्या प्रमाणपत्राला मी चौकट केली आणि ती बाबांच्या हातात दिली. त्यांनी ती डोळ्यांच्या कडेने, मान तिरपी करून बघितली. "चांगलं आहे," म्हणाले. मोराचं नाव त्यांनी काढलं नाही. मीही काढलं नाही. आणखी एक लेन्स लगेच परवडणारी नव्हती, ही सबब हाताशी होतीच.

२०१७ च्या दिवाळीनंतर आई गेली. मोठा आजार असा काही नव्हता. तीन दिवस ताप होता, चौथ्या दिवशी डहाणूला नेलं, पाचव्या दिवशी आणलं ते तसंच. बाराव्याला वाडीतल्या सगळ्या बायका आल्या होत्या. त्यांतली एक वयस्कर बाई बाबांसमोर बसून म्हणाली, "तुमच्या कामाचा काय अभिमान होता तिला. त्या शेठचं नाव निघालं की नुसती पेटायची." बाबा उठले आणि भिंतीला हात लावत लावत परसात गेले. मी मागोमाग गेलो तर म्हणाले, "तू जा आत. पाहुणे आहेत."

त्यानंतर बाबा ओटीवर बसायचे, पण पाटावर नाही. ठोकळा, हातोडी, छिन्न्या सगळं आईच्या जुन्या साडीत बांधून ठेवलं. तोवर गावात संगणकावर डाय कापणारी यंत्रंही आली होती. शेजारच्या काकांच्या मुलाने एक बसवलं. त्याच्या घरात जाताना आता मान फिरवावी लागत नव्हती, यंत्र काचेच्या दारामागे चालायचं आणि नक्षी पडद्यावर सगळ्यांना दिसायची. बाबांची मधली नजर वर्षभरात पार गेली. माणूस दारात आला की कळायचं, कोण ते आवाजावरून ओळखायचे.

२०१८ च्या डिसेंबरात डहाणू रोडला आम्हां शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. शेवटच्या दिवशी गटाचा फोटो काढायला एक स्टुडिओवाला आला. साठीचा गृहस्थ, लग्नांचे फोटो काढून काढून खांदा एका बाजूला झुकलेला. फोटो झाल्यावर मी त्याच्याशी बोलत उभा राहिलो. त्याने तोच प्रश्न केला, तुम्ही कशाचे फोटो काढता? आणि मी सांगून टाकलं. बाबा डाय बनवायचे, एक मोर आहे, एवढासा, त्याच्या मानेखालची रेष दिसायला हवी. आता कुणापासून लपवायचं होतं? सांगायला अर्धं मिनिट लागलं.

तो म्हणाला, "एवढंच ना? मग उलटी लावा की."

स्टुडिओत नेऊन त्याने एक जुनी पन्नासची लेन्स काढली, कडेला रंग उडालेली. एक पितळी रंगाची कडी काढली. त्या कडीने लेन्स कॅमेऱ्याला उलटी बसते, जी बाजू आत असायची ती बाहेर. अशी उलटी लावली की जवळचं प्रचंड दिसतं. त्याने टेबलावरच्या वर्तमानपत्रातल्या एका अक्षरावर ती धरली. अक्षराच्या शाईला कागदाचे तंतू फुटलेले दिसले. जुनी लेन्स आणि कडी मिळून जी किंमत पडली, ती माझ्या झूमच्या तुलनेत काहीच नव्हती. सगळ्यांत स्वस्त वाट तीच होती, आणि ती अडीच वर्षं माझ्या वहीत पहिल्या ओळीवर लिहिलेली होती.

रविवारी सकाळी ओटीवर ऊन आलं तेव्हा मी बाबांच्या हातात ती लेन्स दिली. त्यांनी ती बोटांनी फिरवून फिरवून तपासली.

"ही उलटी लावायची म्हणतोस?"

"हो."

"मग बरोबर आहे," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी थोडं समाधान दिसलं. "मोर आण."

उलट्या लेन्सने फोटो काढणं म्हणजे परीक्षाच. आपण केसभर हललो की सगळं धूसर. माझे पहिले वीस फोटो वाया गेले. बाबा बाजूला बसून कॅमेऱ्याचा आवाज ऐकत होते. म्हणाले, "श्वास आत घेऊन थांबतोस ना? तसं नाही. श्वास सोड, मग थांब. भरलेल्या छातीने हात हलतो." त्यांनी सांगितलं तसं केलं आणि एकविसावा फोटो आला.

तो मी लॅपटॉपवर उघडला. बाबांचा मोर पडदाभर. मी खरंच सांगतो, इतकं सुंदर काम मी दुसरं बघितलेलं नाही. पिसाऱ्यातल्या एकेका डोळ्यात आणखी एक डोळा होता आणि त्यात पुन्हा तीन बारीक रेघा. हे एवढंसं कोरताना या माणसाच्या मनात काय चाललं असेल, असं वाटलं. मग मी मान बघितली. मानेखाली, गळ्यापासून पंखाच्या खांद्यापर्यंत, एक सरळ रेष गेलेली होती. नक्षीतली कुठलीच रेघ इतकी सरळ नव्हती. छिन्नी सटकली होती. शेठ खरं बोलला होता.

"आला का?" बाबांनी विचारलं.

"आला. फार सुंदर आलाय."

"मानेखाली बघ. रेष दिसते?"

मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड करून बसले होते, हात गुडघ्यांवर. त्यांना पडद्यावरचं दिसणार नव्हतं. घरात दुसरं कुणी नव्हतं. ज्या मोराने त्यांचं काम गेलं, ज्याच्यासाठी आई पंधरा वर्षं वाडीत राबली, त्या मोराबद्दल या वयात त्यांना हे सांगून कुणाचं भलं होणार होतं?

"नाही," मी म्हणालो. "काही नाही. स्वच्छ आहे."

बाबांनी हात पुढे केला. मी मोर त्यांच्या तळहातावर ठेवला. अंगठ्याचं नख त्यांनी मानेखालून अलगद फिरवलं, एकदा, दोनदा.

"मग ही लेन्सपण परत दे," ते म्हणाले. "तुला पुन्हा फसवलं."

मला तोंडात मारल्यासारखं झालं.

"मला नखाला लागते," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून लागते. शेठ यायच्या आधी दोन दिवस मी ती घासत बसलो होतो. घासून जाते थोडीच."

मी पुन्हा पडद्याकडे बघितलं. रेषेच्या दोन्ही अंगांना पोलाद जरा धुरकट दिसत होतं, कुणीतरी पुन्हा पुन्हा घासल्यासारखं. मघाशी मला वाटलं होतं की माझाच फोकस चुकलाय.

"दिसते, बाबा," मी म्हणालो. "गळ्यापासून खांद्यापर्यंत आहे. घासलेलंही दिसतं."

"सरळ आहे की वाकडी?"

"सरळ."

"हां. तीच." त्यांनी मोर मुठीत धरला. "रागात बोलून गेलो मी शेठला. वाटलं होतं, दुसऱ्या दिवशी तुझ्या आईला सांगू. तर ती सकाळीच शेजारी जाऊन सांगून आली होती, शेठ खोटं बोलला म्हणून. मग ती सांगतच राहिली. ती लोकांना सांगायची आणि मला वाटायचं की आता कुठल्या तोंडाने सांगू." मग म्हणाले, "मोठा फोटो भिंतीवर लागला असता, तर तिनेच बघितला असता. मला बोलावं लागलं नसतं."

आता मला कळलं की त्या रविवारी ते डबा घेऊन का आले होते. त्यांना स्वतःला काही बघायचं नव्हतं. मी आईचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला, ती अंगणात उभ्या माझ्याकडे बघून हसली होती तो. माझ्या हातात तेव्हा ती लांबची लेन्स होती. आई त्यानंतर सव्वा वर्षाहून जास्त या घरात होती, आणि एवढ्या वेळात मी वापीपर्यंत गेलो नाही.

"चूक माझी आहे, बाबा," मी म्हणालो. "तेव्हाच नीट लेन्स आणली असती तर तिला कळलं असतं."

माझी अपेक्षा काय होती ते मला चांगलं ठाऊक आहे. जाऊ दे रे, तुला काय माहीत होतं, असं काहीतरी ते म्हणतील आणि मला सुटल्यासारखं वाटेल.

"हो," बाबा म्हणाले. "कळलं असतं."

एवढं बोलून त्यांनी माझा हात चाचपून शोधला आणि मोर माझ्या हातात ठेवला. माझी समजूत काढण्यासाठी ते खोटं बोलले नाहीत. त्या ओटीवर आम्ही दोघं ऊन सरकेपर्यंत बसून राहिलो, आणि मी पहिल्यांदाच त्यांच्या इतक्या जवळ बसलो होतो.